स्वराच्या चहाला तू पाव्हणी होतीस

गिरजे,

शेवटचं आपण दोघांनी मिळून काय केलं, तर कप पुसले. बाजारातून आणलेलं खोकं ओट्यावर फोडलं होतंस. तू एकेक कप बादलीत बुडवायचीस, उन्हाकडे धरून चीर बघायचीस, आणि मग माझ्या हातात द्यायचीस. मी जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून पाटावर मांडत होतो. लहान लहान कप, घोटभर चहा मावेल न मावेल असे. एकाचा कान तिरका निघाला. मी म्हटलं, परत देऊ. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. ह्यो मला."

"तुला कशाला? पोरींची पार्टी हाय ना?"

"मी बी बसनार. स्वरा मला चहा देनार. मी पाव्हनी."

मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हटलं, सत्तरीला आलीस, आता बाहुल्यांत जाऊन बस, गावाला तेवढंच बघायचं राहिलंय. तू राहिलेले दोन कप स्वतःच पुसलेस आणि म्हणालीस, जरा पाठ टेकते. मी पेरूच्या बागेत मोटर चालू करायला गेलो. दिवे लागायच्या आधी आपला संतोष शेजारच्याची गाडी घेऊन आला. राहात्याच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तू गेलेली होतीस.

अठ्ठेचाळीस वर्षं एका घरात काढली आणि शेवटचं बोलणं हे.

मला तुझा राग आलाय. गेलेल्या माणसाचा राग धरू नये असं सगळे सांगतात. सांगू देत. त्यांना तू कुठं सोडून गेलीस.

चौथी शिकलेला माणूस मी. सह्या सोडून कित्येक वर्षांत काही लिहिलं नाही. पण त्या फ्लेक्सनं डोकं फिरवलं. संतोषच्या दोस्तांनी चौकात तुझा फ्लेक्स लावला. फोटो आधार कार्डावरचा, त्यात तू कुणावर तरी दात खात असल्यासारखी बघतेस. आणि खाली काय लिहिलंय, तर शांत, सोशिक, मनमिळाऊ. शांत? पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून तू भर सभेत पाटकऱ्याला झोडपलं होतंस, तेव्हा मी मागच्या मागं निघून आलो होतो. मनमिळाऊ म्हणे. माझ्याशी तू एकदा सव्वा महिना बोलली नव्हतीस, आणि कारण बी सांगितलं नव्हतंस. सोशिक मात्र होतीस. त्याचाच मला राग आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे.

ती पार्टी कुठून निघाली ते आधी लिहितो, म्हणजे वाचणाराला कळेल. आपली नात स्वरा आता पाच पुरी करणार. सूनबाई मनीषाच्या मनात राहात्याहून फोटो छापलेला केक आणायचा होता. पोरगीनं मोबाईलमध्ये कुठल्या तरी पोरींची चहापार्टी बघितली. टोपडी घातलेल्या पोरी सतरंजीवर बसल्यात आणि एकमेकींना कपात चहा ओतून देतायत. झालं. केक नको, चहा पाहिजे. मनीषा म्हणाली, "अगं, चहा काय वाढदिवसाला देतात का?" तू पदर खोचून म्हणालीस, "देतात. आमी देनार."

तिथून आठ दिवस मला घरात दुसरं काही ऐकू आलं नाही. सतरंजी कुठल्या पेरूखाली टाकायची. चहा पोरांना कडक होतो, म्हणून दुधाला नुसता रंग आणायचा आणि गवती चहा टाकायचा. शंकरपाळे घरचे, खारी बेकरीची. आठ पोरं. मी म्हटलं, आठ पोरं चहा प्यायला येतील का सांडायला? तू म्हणालीस, सांडू दे, बाग हाय, फरशी न्हाई.

आणि रोज तिसऱ्या प्रहरी त्या पोरगीला तू तालीम द्यायचीस. दारात उभं राहायचं. पाव्हणा आला की म्हणायचं, या, बसा. बसला की विचारायचं, साखर किती? त्यानं सांगितली तेवढीच घालायची, आपल्या मनानं घालायची नाही. पाव्हणा व्हायला माणूस लागायचं, तर तू मला हाक मारायचीस. "अवो, या की जरा. बसा ना पाच मिनटं." मला वेळ नव्हता. काय करत होतो, ते विचारशील तर आता आठवत बी नाही. तू मग स्वतःच पाव्हणी व्हायचीस. दारातून आत यायचीस, डोक्यावरचा पदर सावरून, लाजल्यासारखी. पोरगी विचारायची, साखर किती? तू म्हणायचीस, अर्धा चमचा वो बाई, लई न्हाई. दोघी हसायच्या. मला त्या वेळी वाटायचं, म्हातारी चळली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी मनीषाला विचारलं, तुझ्या सासूला चहात साखर किती लागायची. मला माहीत नव्हतं, गिरजे. रोजचे दोन चहा धर आणि किती वर्षं ते धर. मनीषा म्हणाली, "आप्पा, त्या साखर घेतच नव्हत्या. गुळाचा खडा दाताखाली धरायच्या." मग तिनं सांगितलं की सगळ्यांचा झाला की गाळणीतला चोथा परत पातेल्यात टाकून, उकळून, ओट्याशी उभ्यानंच प्यायचीस. मला वाटायचं तू आधीच पिऊन घेतेस. काय वाटायचं ते बी खोटंच लिहितोय. मला काही वाटतच नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो.

तू गेल्यावर पहिल्या दिवशी चूल बंद. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. दुसऱ्या दिवसापासून दारावर येणारी माणसं सुरू झाली. आणि आली की चहा. मनीषाचं पातेलं गॅसवरून उतरत नव्हतं. माणसं यायची, ओट्यावर टेकायची, खाली बघायची, एक जण म्हणायचा, काय इलाज न्हाई, दुसरा म्हणायचा, आपल्या हातात काय हाय, तोवर चहा यायचा. चहा पिऊन झाला की न बोलता उठून जायची. दुःखाच्या घरी कुणी या म्हणत नाही आणि जाणारा येतो म्हणत नाही, ही रीत तू मला शिकवायची गरज नव्हती. पण स्वराला कुणी शिकवली होती?

चौथ्या दिवशी बेलापूरची माणसं आली, तुझ्या माहेरची. गाडीतून उतरतायत तोवर ही पोरगी दारात. हात जोडून, मान वाकडी करून, "या, बसा." बायांनी नुकता गळा काढला होता, तो तिथंच थांबला. तुझा भाऊ टेकला, तर त्याच्यासमोर जाऊन उभी. "मामाआजोबा, साखर किती?" तो माणूस तुझ्यासाठी रडत आला होता. पोरगीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दोन चमचे, बाळ." तेवढ्यात थोरल्या वयनी आतून आल्या आणि तिच्या दंडाला धरून तिला ओढत आत नेलं. "सुतकाच्या घरात या म्हनतीस? कुनी शिकवलं तुला?"

मी कणगीमागं जाऊन बघितलं तर पोरगी तिथं बसलेली. रडत नव्हती. रागावली होती, आपल्यासारखी. मला म्हणाली, "आजीनं शिकवलं. आजीला सांग." मग म्हणाली, "आप्पा, आजीचा हात दुखायचा ना, हा." आणि डावा हात खांद्यापासून दाखवला. "आणि इथं जड व्हायचं. मला म्हणाली, आप्पांना सांगू नको. पार्टी झाली की मग दवाखान्यात जायचं."



पाच वर्षांच्या पोरीला सांगितलंस, गिरजे. मला नाही. संतोषला नाही, मनीषाला नाही. त्या लेकरानं आठ दिवस पोटात ठेवलं, कारण आजीनं सांगू नको म्हटलं होतं. उद्या ती मोठी झाली की तिला कळेल तो हात कसला होता. त्या वेळी तिला काय सांगायचं ते तू मला सांग. मी तर सांगणार आहे की तुझी आजी मूर्ख होती. प्रेमळ होती, कामसू होती, हे फ्लेक्सवाल्यांनी सांगावं. मी सांगणार की मूर्ख होती.

आणि का नाही सांगितलंस, ते मला माहीत आहे. सांगितलं असतंस तर मी तुला त्याच दिवशी राहात्याला नेलं असतं आणि ते कप उकिरड्यावर टाकले असते. म्हणालो असतो, बघ, पोरखेळ केला की असं होतं. हेच म्हणालो असतो. शब्द बी हेच. तू मला बरोबर ओळखलंस, आणि त्या ओळखीपायी मेलीस. ह्याचा राग मी कुणावर काढू? बागेत जाऊन एका झाडाचं खोड कुऱ्हाडीनं फोडलं, संतोष धावत आला. ते झाड आता वाळणार. चांगलं धरतं झाड होतं.

दहाव्याला पुणतांब्याला गेलो. पिंड ठेवला. आम्ही अजून मागं सरकतोय तोवर कावळा आला, चोच मारली आणि गेला. भावकी खूश. लगेच शिवला, समाधानानं गेली बाई, कशात जीव अडकला न्हाई. माझ्या बापाच्या वेळी तीन तास उभे होतो, हे करतो ते करतो म्हणून हात जोडून जोडून सगळ्यांनी कबूल केलं, तरी फिरकत नव्हता. आणि तू, जिचं सगळंच अर्धं पडलंय, तुझ्या पिंडाला एका मिनिटात. गिरजे, मी तो कावळा नीट बघितला. त्याच्या एका पंखाची पिसं गेलेली होती. त्या दिवशी नदीकाठी ओळीनं पिंड मांडलेले होते आणि तो ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येकाला चोच मारत चालला होता. भुकेला होता. त्याला तुझं काय ठाऊक.

पण त्याच कावळ्यावरून तेराव्याला भांडण झालं.

जेवणं उरकली, लांबची माणसं गेली, घरची राहिली. स्वरा माझ्या मांडीशी येऊन बसली आणि म्हणाली, "परवा माझी पार्टी." वयनी म्हणाल्या, "बाळा, पुढच्या वर्साला करू."

मी म्हटलं, "परवा करू."

"भावजी, वरीस झालं न्हाई तोवर ह्या घरात गोडधोड न्हाई."

संतोष म्हणाला, "आप्पा, ऱ्हाऊ द्या. लोक काय म्हनतील? गावात तोंड दाखवायचं मला हाय. तुमी आपले बागेत असता."

"मग तोंड बांधून फिर. करोनात फिरत हुतास की."

वयनी म्हणाल्या, "कावळा शिवला ना लगेच? तिचा त्या पार्टीत जीव असता तर अडला नसता का? तिची कसलीबी विच्छा राहिलेली न्हाई."

मग मात्र मी उठलो. गिरजे, मी बायकांवर आवाज चढवला, ते तुला आवडलं नसतं. मी म्हटलं, वयनी, तेरा दिवस ह्या ओट्यावर अख्खं गाव चहा पिऊन गेलं. येतंय कोण, पितंय कोण. दोन माणसं तर रोज यायची, तुमाला बी माहीत हायत कोण ती. ते चाललं. आता आठ लेकरं घोटघोट दूध प्याली की घर बाटतं?

"त्यो चहा दुःखाचा हुता."

"दूध तेच, साखर तीच. डबा बी त्योच."

वयनींनी मग जे म्हटलं ते लिहायलाच पाहिजे, नाहीतर लोकांना वाटेल त्या वाईट आहेत. त्या म्हणाल्या, "भावजी, तुमचे भाऊ गेले तवा गिरजानं माझ्यासाठी काय पाळलं, तुमी बघितलं न्हाई. वरीसभर तिनं तुमच्या घरात पुरण शिजू दिलं न्हाई. का, तर भिंतीपलीकडं मला वास येईल. संक्रांतीला तिळगुळाचा खडा तोंडात घातला न्हाई. आता तिचं मी पाळायचं न्हाई तर कुनी पाळायचं?"

खरं होतं ते. हे सगळं तूच लावून ठेवलेलं होतंस. ही रीत घरात कुणी एवढी कडक पाळली, तर तू. वयनी तुझ्याच शिकवणीनं तुझी पार्टी मोडायला बसल्या होत्या. मला त्या वेळी तुझा एवढा राग आला की भिंतीवरचा तुझा फोटो मी पालथा करायला निघालो होतो.

पण मला संतोषचं झबलं आठवलं.

तुला आठवत असेल. आमची आई गेली तेव्हा संतोष वर्षाचा व्हायला महिना बाकी होता. तू त्याच्यासाठी लाल झबलं शिवलं होतंस, गळ्याला जरीची पट्टी लावून. सुतक आलं. वाढदिवस नाही, काही नाही. तू ते घडी घालून ट्रंकेत ठेवलंस. वर्ष झालं तेव्हा ते त्याला बसत नव्हतं. आणि त्याच संतोषच्या लग्नात, हळद लागलेल्या पोराकडे बघून मला म्हणालीस, "ह्याचा पयला वाढदिवस राहिला." मी म्हटलं, अजून तेच धरून बसलीस का? पाळणारी तूच होतीस, पण पाळलेलं तुझ्या मनातून गेलं नव्हतं. ते मला लग्नमांडवात कळायला पाहिजे होतं. कळलं कधी, तर काल.

मी वयनींना तेवढंच म्हटलं. "वयनी, संतोषचं झबलं आठवतं का?"

त्या तेव्हा आपल्याच घरात राहत होत्या, एकाच चुलीवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तोंडाला पदर लावला, उठल्या, चपला पायात घातल्या आणि न बोलता निघून गेल्या. दुःखाच्या घरातून जावं तशाच. संतोष म्हणाला, "झालं समाधान? आता मोठ्या आई बी गेल्या." मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. केक पाहिजे म्हणणारी तीच. ती म्हणाली, "आप्पा, दूध किती आनायचं तेवढं सांगा. बाकीचं मी बघते." संतोष तिच्याकडे बघतच राहिला.

तुझ्यावरचा माझा राग संपला असं समजू नकोस. संपणार नाही. मला एवढं मान्य आहे की आठ दिवस ह्या घरात हसणं होतं आणि ते तू आणलं होतंस. माझ्या बाजूला बसून कप पुसलेस, त्या वेळी तुझा तो हात दुखत असणार. तरी बादलीतून एकेक कप वर काढत होतीस आणि मला हसत होतीस की तुमाला कप पुसता येत न्हाई, बोटांचे डाग ठेवता. हे मी रोज आठवतो आणि रोज मला कळत नाही की तुझे पाय धरावेत का तुझ्याशी कडाकडा भांडावं.

काल रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

आज सकाळी मी आंघोळ केली. दहाव्याला भादरलेल्या डोक्यावर टोपी घातली. रीत अशी की सुतकातून उठलेल्या माणसानं आपणहून कुणाच्या दारी जायचं नाही, पाव्हण्यांनी येऊन त्याला बाहेर काढायचं असतं. माझं सासर बेलापूरला, ते येतील तेव्हा येतील. स्वराचं बोट धरलं आणि निघालो. पहिलं घर वयनींचं. त्यांची दोन नातवंडं, थोरला सात वर्षांचा, धाकटी स्वराएवढी. तू यादीत धाकटी धरली होतीस. थोरला दंगेखोर आहे म्हणून त्याला गाळलं होतंस.

वयनी अंगणात धुणं वाळत घालत होत्या. मला बघून हातातलं लुगडं तसंच राहिलं. मी उंबऱ्याच्या बाहेरच थांबलो. आयुष्यात मी कुणाला कधी आवतण दिलं नव्हतं, ते काम तुझं. स्वरानं माझा हात हलवला. मग मी म्हटलं, "उद्या चार वाजता. पोरीचा चहा हाय. बागेत."

वयनींनी लुगडं तारेवर टाकलं, झटकलं, सारखं केलं. परत झटकलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "धाडू कोनाला? थोरल्याला का धाकटीला?"

मी म्हटलं, "दोघांनाबी धाडा. आन तुमी बी या."

पुढची सहा घरं उन्हं चढायच्या आत झाली.